दगड वरण पीत नाही

"ठेवा! जिथून उचलला तिथीच ठेवा! तसा नाई, उलटा झाला तो, सुलटा करा!"

भाटवे ओरडत होते आणि प्राणहितेच्या पल्याड तेलंगणातल्या म्हशी माना वर करून बघत होत्या. मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे, पण म्हशींच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेलो नाही. पाण्यात बसलेली एक तर दचकून उभीच राहिली, आणि तिच्या पाठीवरचा बगळा जो उडाला तो वरंगलच्या अलीकडं कुठं टेकला नसेल.

मी हातातला दगड वाळूत ठेवला. भाटव्यांनी त्याला स्पर्शही केला नाही. हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून, त्यांनी चारी बाजूंनी त्याची पाहणी केली.

"हा असा नव्हता," ते म्हणाले. "याचं तोंड अहेरीकडं होतं."

मी दगडाचं तोंड अहेरीकडं केलं.

भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही बाई म्हणतो. भाटव्यांची सारी नोकरी जंगल खात्यात गेली, आणि तीही आलापल्लीला, म्हणजे जिथं कुंपणाचा खांबही सागवानाचा आणि दात कोरायची काडीही सागवानाची. त्या गावात बाईच्या घरी पोळपाट मात्र आंब्याचा. तो मी गोंडपिपरीच्या बाजारातून घेऊन दिलेला, आणि त्याची पावती भाटव्यांनी पोळपाटाच्या खालच्या अंगाला चिकटवून ठेवलेली. बाई आजही पोळपाट धुताना ती पावती वाचवून धुते.

येणारा पावसाळा लागायच्या आत भाटवे निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नाही, एक नोटीस नाही. "कोरा आलो, कोरा जाईन," एवढंच त्यांचं मागणं. पण आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत अशी कितीतरी माणसं होती ज्यांच्या गाडीतून भाटव्यांनी कधी ना कधी फळी, चौकट, नाहीतर पलंगाचा पाय उतरवून घेतला होता. ती सगळी डोळ्यांत तेल घालून एकाच गोष्टीची वाट बघत होती, की एकदा तरी, जाता जाता तरी, या माणसाच्या गाडीत काहीतरी सापडावं. भाटव्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून रस्त्यात खात्याचा नाका लागला की ते गाडी थांबवायला लावत, स्वतः उतरत, मागचं दार उघडत आणि म्हणत, "तपासा." नाक्यावरची पोरं हात जोडायची, "जाऊ द्या ना साहेब, कायले लाजवता." भाटवे म्हणायचे, "तपासा." मग ती पोरं आमच्या पाण्याच्या कॅनमध्ये डोकावून बघायची आणि भाटवे समाधानानं गाडीत बसायचे. त्या दिवशी सिरोंच्याला जाताना प्रत्येक नाक्यावर हेच झालं. एका ठिकाणी तर मायच्या चंचीतली सुपारी मोजायची तेवढी राहिली.

आता मुळात एवढ्या सोवळ्या माणसाला घेऊन आम्ही दगड शोधायला गेलोच काऊन, असं तुम्ही विचाराल. तर त्याला कारण माझी भाची. ती भूगर्भशास्त्र शिकते. सुटीत घरी आली आणि म्हणाली, सिरोंच्याच्या खालच्या वाळूत जुन्या झाडांचे दगड झालेले तुकडे सापडतात, जीवाश्म, आणि आपल्या इतक्या जवळ असून आपण कोणी पाहिले नाहीत. जवळ म्हणजे आमच्याकडचं जवळ. पोटातलं पाणी हलून हलून दही होईपर्यंतचा रस्ता. पण बाईनं लगेच ठरवलं, नदीवर जायचं तर रोडगे करायचे. माय म्हणाली, मग वांगी मी चिरते. आणि मी म्हणालो, मग निखाऱ्यावर मी बसतो. माझी बायको तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती म्हणून मला अडवणारं कोणी नव्हतं.

भाटव्यांनी एकाच अटीवर होकार दिला. "पाहाचं, फोटो काढाचा, घरी याचं. जंगलातलं जंगलात, नदीतलं नदीत. एक खडा जरी गाडीत आला तर मी चालत परत येईन."

तर असे आम्ही पाच जण. गाडी भाचीनं चालवली, तिच्या शेजारी भाटवे, मागं बाई, माय आणि मधल्या जागेत गुडघे हनुवटीला लावून मी.

मायचं एक सांगायचं राहिलं. माय जावयाशी थेट बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, भाटव्यांचे केस गेले, पण ती रीत गेली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणते, "जवाईबुवाले इचार, चहा घेता काय म्हणा." भाटवे माझ्याकडे बघून म्हणतात, "मायले सांगा, अर्धाच द्या म्हणा." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर आणि मध्ये मी, टेलिफोनच्या खांबासारखा. भाटव्यांच्या घरी सगळं सुखाचं चाललंय याचं निम्मं श्रेय त्या खांबाला आहे, कारण बरेचसे निरोप मी वाटेतच सुधारून पुढं पाठवतो.

वाळूत पाय ठेवला तेव्हा मला वाटलं, इथं कोणीतरी सरपण फोडून ढलप्या तशाच टाकून गेलंय. साल दिसते, गाठ दिसते, आतली वळी दिसतात, सगळं लाकूड. उचलावं तर हात खाली जातो. दगड! भाचीनं समजावून सांगितलं की ही झाडं माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या कितीतरी आधी चिखलात पडली, गाडली गेली, आणि लाकडाच्या कणाकणाच्या जागी दगड भरत गेला. बाई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मायनं एक ढलपी डोळ्यांशी धरली, नखानं खरवडली आणि मला म्हणाली, "इचार तिले, यानं चूल पेटते काय?"

"नाही पेटत आजी, दगड आहे तो."

"मंग एवढे दिवस पडून राहून काय फायदा झाला त्याचा?"

भाटवे हात पाठीमागे बांधून आमच्यातून फिरत होते. कोणी खाली वाकलं की त्यांचा आवाज यायचा, "ठेवलं ना परत?" मायनं वाळू झटकायला चप्पल काढली तरी त्यांनी त्या चपलेकडे संशयानं पाहिलं.

मी मात्र ढलप्यांवर समाधान मानणारा माणूस नव्हे. मी शोधायला निघालो डायनासोर. आणि खोटं कशाला सांगू, सापडला! पाण्याच्या कडेला, वाळूतून जेमतेम वर आलेला, एका रांगेत, काळा, खरबरीत, मणक्यामागून मणका. मी हातानं वाळू उपसायला लागलो. जसजसा उपसत गेलो तसतसा तो कणा गोल वळत गेला. मी मनात म्हटलं, झोपेत मेला असणार, अंगाचं मुटकुळं करून. मी हाका मारून सगळ्यांना बोलावलं. भाची धावत आली, गुडघ्यावर बसली, तिनं ओंजळीनं थोडी वाळू बाजूला केली, आणि अतिशय आदरानं म्हणाली, "मामा, ट्रॅक्टरचं टायर आहे."

"मागचं की पुढचं?" मी विचारलं. शास्त्रात तपशील महत्त्वाचा असतो.

या उत्खननात एक गोष्ट विसरली गेली. निखारे. रोडग्याचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेची पोळी लाटायची, तेल लावून तिच्यावर दुसरी, मग तिसरी, असं एकात एक गुंडाळत गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. बाहेरून टणक, आत पापुद्रेच पापुद्रे. मग राख झटकून, फोडून, तुपात आणि वरणात बुडवून खायचा. सारा खेळ निखाऱ्याचा, आणि निखाऱ्यावर माझ्यासारखा हात आख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात नाही. गडचिरोलीतही नाही, तिथं मी चौकशी केली आहे. पहिला घाणा असा उतरला की भाटव्यांनी तीन खाल्ले आणि चौथ्यासाठी मायकडे माझ्यामार्फत निरोप पाठवला. दुसरा घाणा मात्र मी टायर उपसत असताना निखाऱ्यातच राहिला. परत येऊन राख उकरली तर ते जरासे, म्हणजे थोडेसे, खमंग झाले होते.

बाईनं एक हातात घेऊन दुसऱ्यावर आपटला. काहीच झालं नाही, फक्त आवाज आला. "हे गाईसमोर टाकले तर गाय आपल्याकडं पाह्यते," ती म्हणाली. पण अन्न टाकायचं नाही म्हणून मायनं ते एका जुन्या धडप्यात बांधून ठेवले.

निघायच्या जरा आधी भाचीला तिच्या दिवसभरातला सगळ्यात सुंदर दगड सापडला. मुठीत मावेल एवढा, गोल, तपकिरी, आणि एका बाजूनं फुटलेला, तर आत वळ्यामागून वळं. फोटो काढताना म्हणे शेजारी माहितीतली वस्तू ठेवायची असते, म्हणजे दगड केवढा ते बघणाऱ्याला कळतं. दिवसभर ती पेन ठेवत होती, ते कुठंतरी वाळूत हरवलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, धडपं सोडलं, आणि त्यातला एक रोडगा दगडाशेजारी ठेवून फोटो काढला. मग एक धडप्यात परत, एक वाळूत परत. भाटवे उभे होते. "ठेवला ना?" "ठेवला बाबा." आणि आम्ही निघालो.

ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना जंगल, गाडीत वांग्याच्या भाजीचा वास, माय डुलक्या घेत होती. मला भूक लागली. सगळ्यांना झोप येते तेव्हा मला भूक लागते, ही माझी प्रकृती आहे. पुढं झुकलो तर भाटवे वळून बघणार आणि "आताच तर खाल्लं" म्हणणार. म्हणून मी हळूच मायच्या पायाशी हात घातला, धडप्याची गाठ सैल केली, हाताला आला तो रोडगा तोंडाकडं नेला आणि पूर्ण विश्वासानं चावलो.

कवटीच्या आत दिवाळी झाली. डाव्या कानातून ठिणगी निघाली असं मी म्हणणार नाही, पण तिथं काहीतरी गरम लागलं एवढं नक्की. जिभेवर एक टवका आला. मी तो तळहातावर घेतला. माझी दाढ.

ओरडायची सोय नव्हती. मी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हातातली वस्तू खिडकीशी धरून पाहिली. गोल. तपकिरी. एका बाजूनं फुटलेली. आत वळ्यामागून वळं. आणि माझ्या लक्षात आलं ते एवढं स्वच्छ, की दाढेची कळ क्षणभर थांबलीच. भाचीनं रोडगा वाळूत ठेवला होता. आणि दगड धडप्यात.

माझ्या मांडीवर भाटव्यांची आख्खी नोकरी पडली होती.

मी बाईच्या बरगडीत कोपर मारलं, वस्तू दाखवली, कानात सांगितलं. बाईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पिठासारखा झाला. "फेक," ती ओठांनीच म्हणाली. मी तिच्यावरून वाकून काच खाली केली.

"काय फेकून राह्यले, साळेबुवा?" भाटवे पुढं बघतच म्हणाले. या माणसाला मानेच्या मागं डोळे आहेत, खात्यानंच बसवून दिलेले असावेत. "गाडीतून कायी फेकाचं नाई. जनावरं खातात."

मी काच वर केली. जे जनावर हे खाईल त्याला माझ्याजवळ बसवून घ्यायची माझी तयारी होती. बाई डोळे मिटून कसलंतरी पुटपुटायला लागली. मीही मार्कंडादेवाला मनातल्या मनात बोललो, देवा, या नाक्यावर कोणी नसू दे, महाशिवरात्रीच्या जत्रेला अनवाणी येतो. डोळे उघडले तो समोर नाका. आडवा बांबू. आणि माणसं होती. एक वनरक्षक, शेजारी चहाची चूल, आणि उभ्या ट्रकचा एक ड्रायव्हर.

वनरक्षकानं गाडी ओळखली आणि धावतच बांबू वर केला. "जा साहेब, जा!"

"थांबव," भाटवे भाचीला म्हणाले. उतरले. मागचं दार उघडलं. "तपासा."

"साहेब, सकाळीच तर तपासली. भांडी धुवायची तेवढी ठेवली होती."

"सकाळी जाऊन राह्यलो होतो. आता येऊन राह्यलो. तपासा."

बिचारा पोरगा डोकावला. पातेलं, परात, वरणाचा डबा. "झालं साहेब."

"ते गाठोडं?"

"ते नको!" मी ओरडलो.

तोंडातून निघून गेलं. माझ्या आयुष्यात मी जे काही बोललो त्यातलं सगळ्यात महागडं वाक्य ते असणार. भाटवे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला, आणि मी ती वस्तू त्यांच्या हातात दिली, कारण त्या हातासमोर दुसरं काही करताच येत नाही.

त्यांनी ती वजन करून पाहिली. फुटलेली बाजू पाहिली. मग नाक्याच्या लोखंडी खांबावर ठोकली.

ठण्ण.

झाडावरची माकडं गप्प झाली.

"हे काय आहे?" भाटव्यांनी विचारलं, मला नाही, भाचीला. ती खाली उतरली होती. तिनं फोन काढला, तो फोटो मोठा करून पाहिला. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून पाहत होतो. फोटोत वाळू होती, आणि वाळूत दोन गोळे. एकाच रंगाचे. एकाच आकाराचे. दोन्ही वळ्यावळ्यांचे. अशा फोटोवरून ब्रह्मदेवालाही निवाडा करता आला नसता.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणीसारखा झाला, "मी कोणता ठेवला तेच मले आठवून नाई राह्यलं."

भाटव्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं आणि वनरक्षकाला म्हणाले, "पंचनामा लिव्ह. पयलं नाव माह्यं."

"साहेब, मी तुमच्यावर कसा लिहू? मले लिहाले तुमीच शिकवलं."

"म्हणूनच लिव्ह. व्याकरण पक्कं असन."

ट्रक ड्रायव्हर पुढं आला, त्यानं त्या गोळ्याकडं निरखून पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, "एंदी इदी?" हे काय आहे. बाईनं पदर तोंडाला लावला. आणि मी भाटव्यांचे हात पाहिले. ज्या हातांनी ट्रकच्या ट्रक थांबवले ते हात लावलेलंच बटण पुन्हा पुन्हा लावत होते. तेवढं मी वाढवून सांगत नाही.

तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि माय खाली उतरली. झोपेतून उठल्यामुळं केस विस्कटलेले, एक चप्पल पायात, एक गाडीत. तिनं डोक्यावर पदर घेतला, सरळ भाटव्यांसमोर जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली,

"जवाईबुवा, बसा इथी."

माझ्यामार्फत नाही. थेट. भाटवे एवढे दचकले की बसलेच, ट्रकच्या चाकाला टेकून, जमिनीवर.

"काय झालं?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. तिनं तो गोळा हातात घेतला, हुंगला, कानाशी नेऊन हलवला, आणि आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं जसं चुलीत पाणी ओतणाऱ्या पोरांकडे पाहतात.

"एवढे शिकले-सवरले तुमी," ती म्हणाली. "दगड काय वरण पीत असते?"

तिनं वनरक्षकाला हुकूम सोडला, चूल फुंक. बाईनं डबा आणला. चहाचं पातेलं उतरलं, वरण चढलं. आमचा आख्खा जिल्हा त्या वरणाकडे बघत होता असं मला वाटलं. वाफ आली तसा मायनं तो गोळा त्यात सोडला. तो सरळ तळाला गेला, डुबुक करून.

"दगड!" मी म्हणालो.

"तू चूप बस," माय म्हणाली.

आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो होतो. भाटवेही उठून आले होते. वरणाचं पिवळं पाणी शांत. काही नाही. मी मार्कंडादेवाला अनवाणीच्या वर एक उपास वाढवून दिला. तरी काही नाही. वनरक्षकानं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

आणि मग एक बुडबुडा वर आला.

लहानसा. मोहरीएवढा. तो वर येऊन फुटला, आणि त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा, आणि मग फुटलेल्या बाजूनं बुडबुड्यांची माळच लागली, जशी नदीत मासा श्वास टाकतो तशी. गोळा वरण पीत होता! गटागटा पीत होता! एका पापुद्र्याची कड सैल झाली, हळूच उलगडली. मायनं डावानं तो बाहेर काढला, चिमटीत दाबला. दबला.

"रोडगाच हाये," ती म्हणाली. "ह्यानं भाजलेला."

मी आजवर बरेच आनंद पाहिले आहेत, पण त्या नाक्यावर जो झाला तो वेगळाच. बाई एकाच वेळी हसत आणि रडत होती. भाची मला येऊन बिलगली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही किती वाईट भाजता!" माझं एवढं कौतुक कोणी आजवर केलेलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वनरक्षकानं पेन एवढं दूर ठेवलं की नंतर त्याला सापडलं नाही. भाटव्यांनी वरचं बटण सोडलं, एक लांब श्वास घेतला, आणि मायसमोर वाकून नमस्कार केला. तिनं तोंड वळवून मला सांगितलं, "जवाईबुवाले म्हण, सुखी राहा म्हणा." रीत परत जागेवर आली.

"चला," मी म्हणालो, "सुटलो!"

"बाकीचे बी बुडवा," भाटवे म्हणाले.

कोणाचं काही चाललं नाही. धडपं सोडलं गेलं. एकेक रोडगा वरणात गेला, एकेकानं बुडबुडे सोडले, एकेक निर्दोष सुटला. आणि बुडवलेलं अन्न टाकायचं नसतं, म्हणून ते तिथंच खाल्लं गेलं. वनरक्षकानं खाल्लं, ड्रायव्हरनं खाल्लं, तो तर मिरची मागून खात होता. ज्या रोडग्यांना गायीनं तोंड लावलं नसतं ते ताटल्यांत पुरले नाहीत. माझं निखाऱ्यावरचं नाव गडचिरोली जिल्ह्यात त्या दिवशी झालं असं मी सांगतो, आणि ते खोटं आहे असं शपथेवर सांगणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

मार्कंडादेवाशी मी नंतर बोलून घेतलं. वस्तू दगड निघालीच नाही, तेव्हा अनवाणीचं कलम लागू होत नाही, पण चपला घालून जरूर येतो. उपासाचं दोघांनीही काढलं नाही.

गाडी परत रस्त्याला लागली. भाची गुणगुणत होती. भाटवे मागं डोकं टेकून बसले होते, खांदे उतरलेले, आणि मी त्यांना एवढं सैल बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. नदीतला तो सुंदर दगड नदीतच होता, तोंड अहेरीकडं करून. कोरा आलेला माणूस कोरा जाणार होता. सगळ्यांचं सगळं जागच्या जागी होतं. राहिलं होतं फक्त माझं. डावा गाल आता वांग्याएवढा झाला होता.

मी पुढं झुकलो आणि तळहात भाटव्यांसमोर उघडला. त्यावर माझ्या दाढेचा टवका होता, पिवळट, खरबरीत, एका बाजूनं फुटलेला.

"भाऊजी," मी म्हणालो, "ह्याचं काय आता?"

भाटव्यांनी चष्मा वर केला, टवका नीट पाहिला, हात न लावता.

"तो नदीतला नाई," ते म्हणाले. "नेता येते."